रणभूमीकडे निघालेल्या तरुण जवानाचे मन : कारगिल १९९९

कृष्णाकाठ

कारगिलच्या युद्धाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक लेखन शिखरावरच्या लढाईपाशी सुरू होते. तोलोलिंग, टायगर हिल, पॉइंट ५१४०, पॉइंट ४८७५ ही नावे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु परत बोलावल्याची तार हातात पडल्यापासून पहिली गोळी कानाजवळून जाईपर्यंतच्या काळात वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या मनात काय घडत असते, याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. लढाई सुरू झाली की हातांना काम मिळते. वाटेत मात्र विचार करण्यावाचून दुसरे काहीच नसते. म्हणून हा धागा त्या वाटेविषयी काढला आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांसाठी ही वाट बहुतेक वेळा झेलम एक्सप्रेसने सुरू होई. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा जवान पुण्याला येऊन ती गाडी पकडी आणि नगर, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, दिल्ली, पठाणकोट असे मागे टाकत जम्मूतावीला उतरे. १९९९ साली रेल्वे जम्मूच्या पुढे जात नव्हती. तिथून ट्रान्झिट कॅम्प म्हणजे जवानांचा वाटेतला तळ, मग कानवाईतला, म्हणजे लष्करी वाहनांच्या ताफ्यातला, ट्रक, बनिहालचा जवाहर बोगदा, श्रीनगर, सोनमर्ग आणि साडेतीन हजार मीटर उंचीची झोजी ला खिंड ओलांडून द्रास. ज्याने आदल्या आठवड्यात शेतातली ढेकळे फोडली, तो मुलगा इतक्या लांबच्या वाटेने हळूहळू युद्धाकडे नेला जात होता, आणि या हळूहळू जाण्यातच त्याच्या मनाची खरी परीक्षा होती असे मला वाटते.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. मे महिना म्हणजे आपल्याकडे लग्नसराई, गावोगावच्या यात्रा आणि पेरणीपूर्वीची मशागत. सुट्टी मिळवण्यासाठी जवान वर्षभर साहेबांच्या मागे लागतो ती याच महिन्यासाठी. टायगर हिलच्या लढाईत परमवीर चक्र मिळवणारे १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांचे लग्न नुकतेच झाले होते. हळदीचा रंग पुरता गेला नसताना पलटणीत परतणाऱ्या अशा मुलाच्या मनात एकच भावना असेल हे मला पटत नाही. त्याला बायकोची ओढ असणार, सोबत्यांच्या आधी घरी आल्याची टोचणी असणार, आपल्यावाचून पलटण लढायला गेली तर काय ही तगमग असणार, आणि या सगळ्यांच्या खाली भीतीही असणार.

माझे म्हणणे एवढेच आहे की या भीतीला आपण तिची जागा देत नाही. श्रद्धांजलीच्या फलकावर आपण ‘हसत हसत मृत्यूला सामोरा गेला’ असे लिहितो. त्यामागचा आदर मी जाणतो, तरीही त्या वाक्यामुळे त्या मुलाने केलेले सर्वांत कठीण काम झाकले जाते. ज्याला भीती वाटलीच नाही त्याच्यापेक्षा, भीती सोबत घेऊन झोजी ला चढून गेलेला मुलगा मला मोठा वाटतो.

२ राजपुताना रायफल्सचे कॅप्टन विजयंत थापर यांचे अखेरचे पत्र अनेकांना माहीत असेल. ते बावीस वर्षांचे होते आणि डिसेंबर १९९८ मध्ये, म्हणजे युद्धाच्या केवळ काही महिने आधी, अधिकारी झाले होते. आपण परतलो नाही तरच हे पत्र घरी द्यावे, अशा बेताने त्यांनी ते लिहून ठेवले होते. जून १९९९ च्या अखेरीस द्रास भागातील नोल नावाच्या उंचवट्यावरच्या लढाईत ते धारातीर्थी पडले. त्या पत्रात त्यांनी आईवडिलांना लढाईची जागा येऊन पाहायला सांगितले आहे, अवयवदानाचा विचार मांडला आहे, आणि कुपवाड्यात लळा लागलेल्या रुखसाना नावाच्या लहान मुलीला दरमहा पन्नास रुपये देत राहावेत अशी इच्छा लिहिली आहे. मृत्यू शक्य आहे हे पूर्णपणे ओळखलेला तरुण त्या क्षणी एका परक्या मुलीच्या पन्नास रुपयांची व्यवस्था लावत होता. युद्धाकडे जाणारे मन कुठे गुंतलेले असते हे समजून घेण्यासाठी मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

ज्यांनी ही वाट स्वतः चालली आहे, किंवा ज्यांच्या घरातून कोणी गेले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तोफची_निवृत्त

कृष्णाकाठ, आपण विचारले म्हणून लिहितो. मी तोफखान्यात हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि कारगिलच्या वेळी तरुण गनर होतो. सुट्टीवर असताना तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून माणूस निरोप घेऊन आला. वडील शेतात होते. त्यांनी बैल सोडले, घरी आले, आणि माझी काळी ट्रंक स्वतः पुसून दारात आणून ठेवली. ते एक शब्दही बोलले नाहीत. आई मात्र सारखी बोलत होती आणि ते सगळे बोलणे भाकरी, चटणी आणि लाडवांविषयी होते. घरातल्या कोणीही ‘युद्ध’ हा शब्द उच्चारला नाही.

गाडीत बसल्यावर पहिल्या रात्री मला भीती वाटली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. डबा जवानांनी भरलेला होता, कोणी गाणी म्हणत होते, कोणी पत्ते कुटत होते, आणि स्थानकांवर लोक आम्हाला आग्रहाने खाऊ घालत होते. एका स्थानकावर एका वृद्ध बाईंनी सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावले. त्या वेळी छाती फुगून येते आणि आपण कोणीतरी मोठे झालो आहोत असे वाटते. परंतु दिल्ली मागे पडल्यावर डब्यातला आवाज आपोआप कमी होत गेला. जो तो खिडकीबाहेर पाहू लागला. मला तेव्हा आठवत होत्या त्या अगदी क्षुल्लक गोष्टी : विहिरीच्या मोटारीचे राहून गेलेले काम, मित्राचे उसने घेतलेले पैसे, धाकट्या बहिणीवर विनाकारण ओरडलो होतो तो प्रसंग.

खरी भीती जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पात भेटली, कारण तिथे थांबावे लागले. वर जाणारे आणि वरून आलेले तिथे एकत्र येत. खाली आलेल्यांकडून बातमी काढण्याचा प्रत्येकाचा प्रयत्न असे आणि ते फारसे सांगत नसत. लंगरच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका जवानाला मी विचारले की वर कसे आहे. त्याने माझ्या ताटाकडे बोट दाखवून ‘पोटभर खाऊन घे’ एवढेच हिंदीत सांगितले. त्या उत्तराने मी हादरलो होतो.

द्रासच्या अलीकडे कानवाई रात्री दिवे विझवून चाले, कारण शिखरांवर बसलेल्या शत्रूला महामार्ग दिसत होता आणि तो रस्त्यावर अचूक तोफा डागत होता. ट्रकच्या हौद्यात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. अंधारात शेजाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचा गुडघा थरथरतो आहे की आपला, हे कळत नव्हते. मृत्यूचा विचार मनात होताच. त्याहून अधिक जो विचार छळत होता तो असा, की ऐन वेळी माझे हात चालले नाहीत तर? माझ्यामुळे माझ्या तोफेवरचा दुसरा कोणी मेला तर? गावात वडिलांना मान खाली घालावी लागली तर? मी पुढे अनेक जवानांशी याविषयी बोललो आणि जवळजवळ प्रत्येकाने हेच सांगितले.

रेजिमेंटमध्ये पोचल्यावर मन स्थिर झाले, याचे कारण साधे होते. आमच्या उस्तादांनी नाव घेऊन हाक मारली, उशीर झाल्याबद्दल दोन शिव्या दिल्या आणि गोळे उतरवायला लावले. त्यानंतर विचार करायला सवडच उरली नाही.

हिमशिखर

मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत काही वर्षे डॉक्टर होतो. हवालदारसाहेबांच्या अनुभवाला एक जोड देतो, कारण या वाटेवर मन आणि शरीर यांची गल्लत फार होते.

द्रास समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच आहे आणि ज्या शिखरांवर लढाई झाली त्यांपैकी काहींची उंची पाच हजार मीटरांच्या आसपास होती. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. त्यामुळे डोके ठणकते, झोप लागत नाही, भूक मरते, धाप लागते आणि छातीत धडधडते. आता हीच यादी भीतीच्या लक्षणांची म्हणूनही वाचता येईल. मैदानी मुलखातून आलेला तरुण जवान रात्रभर टक्क जागा राहतो, त्याची छाती धडधडते, आणि आपण भित्रे आहोत असा निष्कर्ष तो मनाशी काढतो, वास्तविक त्याच्या रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नसतो. उलटही घडते. फुप्फुसात पाणी साठू लागल्याने येणारी धाप तो भीती समजून लपवतो, आणि ते लपवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

यासाठीच सैन्यात उंचीची सवय टप्प्याटप्प्याने करून दिली जाते. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस, असा साधारण नियम आहे. १९९९ मध्ये परिस्थितीच अशी होती की काही तुकड्यांना तेवढा अवधी देणे शक्य झाले नाही. नव्या मुलांशी बोलताना मी नेहमी सांगत असे की धडधड, कोरडे तोंड, वारंवार लघवीला जावेसे वाटणे हे सगळे शरीर कामाला सज्ज होत असल्याचे लक्षण आहे. एवढे ऐकल्यावर अनेकांचे खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत. त्यांना धीरापेक्षा माहितीची गरज अधिक होती.

अंगणवेल

काका, आपल्या वडिलांनी ट्रंक पुसल्याचे वाचून मला थांबावे लागले. माझे यजमान पायदळात होते आणि त्याच उन्हाळ्यात वर गेले. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी मला बँकेचे पासबुक, विम्याचे कागद आणि वारस म्हणून माझे नाव लावलेल्या अर्जाची प्रत कुठे ठेवली आहे ते दाखवले. कोणाकडून किती येणे आहे तेही सांगितले. आवाज अगदी नेहमीचा होता, जणू बाजाराची यादी सांगत आहेत. मी प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणत गेले. आम्हा दोघांनाही त्या बोलण्याचा अर्थ कळत होता आणि तो बोलून दाखवायचा नाही हेही कळत होते. रणभूमीकडे जाणाऱ्या माणसाच्या भावनांविषयी बोलताना हे विसरू नये, की त्याला त्या भावना घरच्यांपासून लपवण्याचे दुसरे मोठे काम करावे लागते.

पुढे पत्रे येत, ५६ एपीओ या सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर उत्तरे जात. पत्रात हवा थंड आहे, जेवण चांगले आहे, काळजी करू नये, एवढेच असे. त्या काळी आमच्याकडे मोबाइल पोचले नव्हते. गावात एसटीडी बूथ होता आणि त्याच्या मालकाने फोन आला की मला बोलवायला मुलगा धाडायचे कबूल केले होते. त्या मुलाची सायकल दिसली की आधी त्याचा चेहरा पाहायचा, ही सवय मला लागली. कारगिलमध्ये शहीद जवानांची पार्थिवे त्यांच्या गावी पोचवली जात होती, ती दृश्ये रोज दूरचित्रवाणीवर दिसत, आणि सासूबाई दूरचित्रवाणी बंद करायला सांगत व थोड्या वेळाने पुन्हा लावायला सांगत.

यजमान सुखरूप परतले. बऱ्याच वर्षांनंतर त्यांनी सांगितले की सोनमर्गला त्यांनी मला एक खरे पत्र लिहिले होते, ज्यात सगळी भीती लिहिली होती, आणि ते फाडून मग थंड हवेचे पत्र टाकले. ते फाडलेले पत्र मला मिळायला हवे होते, असे मला आजही वाटते.

राजगडाचा_पायथा

सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरीही एक वेगळे मत नोंदवतो. भीतीवर इतका भर दिल्याने ध्येयाची ओढ मागे पडते. १/११ गोरखा रायफल्सचे मनोजकुमार पांडे यांनी निवड मंडळाच्या मुलाखतीत आपल्याला परमवीर चक्र मिळवायचे आहे असे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे आणि खालुबारच्या लढाईत त्यांनी ते प्राण देऊन मिळवले. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष करत धावून जातात, तेव्हा त्या घोषात भीती शोधायची का? अशी माणसे खरोखर आनंदाने गेली असतील, हे मान्य करण्यात आपल्याला संकोच का वाटावा?

कृष्णाकाठ

राजगडाचा_पायथा, संकोच मुळीच नाही. उत्साह, अभिमान, पराक्रमाची ओढ हे सारे खरे आहे आणि काही जणांत ते इतके प्रबळ असते की बाकी सर्व झाकोळून जाते. माझा आग्रह केवळ असा आहे की एका मनात हे सारे एकाच वेळी नांदू शकते. स्थानकावर कुंकू लावून घेताना फुगलेली छाती आणि अंधाऱ्या ट्रकमधला थरथरता गुडघा एकाच माणसाचे आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. जयघोषाचेही तसेच. बेळगावच्या केंद्रात भरती झालेल्या मुलाला तो घोष पहिल्या दिवसापासून शिकवला जातो, कारण सर्वांचा आवाज एक झाला की एकट्याची भीती मागे हटते. घोषाची गरजच मुळी भीती खरी असल्यामुळे आहे.

तोफची_निवृत्त

यात मी थोडी भर घालतो. तोलोलिंगवर मे महिन्यात १८ ग्रेनेडियर्सने प्राणहानी सोसत झुंज दिली आणि १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने ते शिखर घेतले. त्या विजयाची बातमी खाली पसरली तेव्हा नव्याने येणाऱ्या मुलांचे चेहरे बदललेले मी पाहिले. त्याआधी येणारे गप्प असत. त्यानंतर येणारे आपल्याला कधी वर सोडतील हे विचारत. त्यामुळे राजगडाचा_पायथा यांचे म्हणणेही मी खोटे मानत नाही. आपली माणसे जिंकू शकतात हे कळल्यावर भीती नाहीशी होत नाही, पण तिला सोबत मिळते.

जुने_दप्तर

विषय कारगिलचा असला तरी आपल्याकडच्या मुलांचा हा प्रवास फार जुना आहे, म्हणून थोडे लिहितो. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून जहाजांतून निघाली. त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या त्या तरुणांना आपण कोठे चाललो आहोत हे सांगितलेले नव्हते. जहाजे बहारीनपाशी काही काळ थांबून राहिली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आजच्या इराकमध्ये शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे सैन्य उतरले. त्या डिव्हिजनचा शेवट पुढे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीत झाला.

कारगिलला जाणाऱ्या मुलाला निदान हे ठाऊक होते की तो कोणती भूमी राखायला चालला आहे. १९१४ च्या मुलाला शत्रू कोण आणि मुलूख कोणता हेही माहीत नव्हते, आणि यांपैकी अनेकांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. त्यामुळे त्यांच्या मनातले कागदावर फारसे उरले नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. त्या ४६ जणांना जहाजाच्या तळघरात रात्री काय वाटले असेल, याची नोंद कोठेही नाही. म्हणूनच हवालदारसाहेब आणि अंगणवेलताई यांनी येथे जे लिहिले आहे, ते जपून ठेवण्याजोगे आहे.

माणदेशी

माझा भाचा अग्निवीर म्हणून भरती झाला असून प्रशिक्षण संपवून त्याची पहिली नेमणूक सीमेवर झाली आहे. पुढच्या आठवड्यात तो निघेल. बहीण रात्रंदिवस रडते आहे आणि भाऊजी त्याच्याशी बोलायचेच टाळत आहेत. हवालदारसाहेब, घरच्यांनी या दिवसांत कसे वागावे, हे आपण सांगाल का?

तोफची_निवृत्त

माणदेशी, आपल्या भाऊजींना सांगा की बोलणे जमत नसेल तर त्याच्यासोबत बसावे, त्याचे सामान बांधू लागावे, स्थानकापर्यंत जावे. मुलाला ते पुरते कळते. ताईंना रडू नका असे सांगू नये. मात्र निघतेवेळी ‘तुझ्यावाचून माझे कसे होणार’ असे शब्द त्याच्या कानावर पडू देऊ नयेत, कारण तेच शब्द पुढे एकट्या पहाऱ्यात परत परत ऐकू येतात. त्याला स्वतःहून बोलायचे असेल आणि तो भीतीविषयी बोलला, तर ‘काही होत नाही’ म्हणून विषय तोडू नका, पूर्ण ऐकून घ्या. त्याला घरातली जी कामे अर्धवट वाटत असतील ती विचारून घ्या आणि कोण करणार ते त्याच्यासमोर ठरवा. मला विहिरीच्या मोटारीने दिल्लीपासून पठाणकोटपर्यंत झोपू दिले नव्हते.

फोन आला की ठिकाण विचारू नका, कारण ते त्याला सांगता येणार नाही आणि नाही म्हणताना त्याला त्रास होईल. गावातले साधे सांगा : पाऊस किती झाला, गाय व्यायली का, कोणाचे लग्न जमले. रात्रीच्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चा त्याला ऐकवू नका. आणि एक गोष्ट काटेकोर पाळा : त्याची गाडी, डब्याचा क्रमांक, गणवेशातला निघतानाचा फोटो यांपैकी काहीही व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर तो पोचेपर्यंत आणि पोचल्यानंतरही टाकू नका. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन कमी आला तर घाबरून जाऊ नका. नव्या जागी सिग्नल, ड्यूटी आणि उंची यांची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. आणखी काही विचारायचे असेल तर निःसंकोच लिहा, मी रोज रात्री येथे असतो.